तिसऱ्या मजल्यावरचं तावदान

— नाही नाही ताई, झाडू राहू द्या, कण बारीक असतात, मीच उचलतो. जुनं तावदान निघालं सगळं. हे बघा, भोक. करंगळी जाईल जेमतेम. लोकांना वाटतं गोळीनं काच खळकन फुटते — नाही फुटत, भोक पाडून सरळ आत जाते. या गल्लीत अशी अकरा तावदानं बदललीत मी. पूर्वी चेंडूनं फुटायची, आता पोरांना खाली सोडतंय कोण?

घरमालक काही बोलला नाही? तो कशाला बोलेल! मी सांगतो. इथं एक नर्सबाई राहायच्या, वडिलांबरोबर. भर दुपारी खाली दोन टोळ्यांची जुंपली आणि मधल्यामधे आमचा इस्त्रीवाला गेला — कुणाचा तरी शर्ट हातात तसाच. बाई या खिडकीत होत्या. गोळी कुणी झाडली ते पाहिलं त्यांनी. तसं अख्ख्या गल्लीनं पाहिलं हो, मीही दुकानाच्या दारातच होतो — पण चौकीत जाऊन सांगितलं एकट्या बाईंनी. मी? मी म्हटलं, साहेब, माझी पाठ होती तिकडे. दोन मुली आहेत मला.

मग बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "दादा, धुरकट काच बसवा, बाहेरून कुणाला दिसायला नको." बसवली. दोन दिवसांनी दुकानात एक माणूस आला, आरसा कापून घ्यायला. काय गोड बोलणं! माझ्या गुडघ्याची चौकशी केली. म्हणाला, "धुरकट काचेचं काम सुरेख करता म्हणे, परवा कुठे केलंत?" आता कुणी कौतुक केलं की माणूस फुलतोच ना? मी म्हटलं, तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी. तेव्हा काही वाटलं नाही — खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं. आरसा न घेताच गेला तो, तेव्हा जास्त वाटलं. वर येऊन सांगायचं तर तीन जिने. गुडघा ठणकत होता. उद्या सांगू म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी आली गोळी. बाई ड्यूटीवर होत्या. म्हातारबाबा इथं, उजेडाला बसून दाढी करत होते, तेच गेले. धुरकट काचेतून नुसती सावली दिसते ना — बाईची का बाप्याची, कोण बघत बसतंय. बाईंनी जबाब मागे घेतला, शहर सोडलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्ही नव्या, ना ओळख ना पाळख, म्हणून आपलं — अहो ताई, रडताय का? तुमचा काय संबंध —

काय?

बाईंची धाकटी बहीण? म्हणजे म्हातारबाबा तुमचे...

मला काय माहीत! मला वाटलं नवं बिऱ्हाड. आणि बाई? परत येतायत? कोर्टात उभ्या राहणार? उद्या, इथंच?

ताई, ऐका माझं, त्यांना येऊ देऊ नका. का म्हणजे — आज सकाळी ही काच हातगाडीवर चढवताना तो आला होता. तोच, आरसा मागायला आलेला. दुसऱ्या बाजूनं त्यानंच हात लावला. "कुणाकडे निघालात?" म्हणाला. तुम्हीच फोनवर म्हणाला होतात ना, उद्या घरात आणखी एक माणूस येणार, काच आजच हवी — तेवढंच बोललो मी. तेवढंच. तो हसला, म्हणाला, "सांभाळून न्या."

चौकीत? मी? नाही ताई. ओळखतो, हो, चेहरा ओळखतो, नावही ठाऊक आहे, इस्त्रीवाल्याला कुणी मारलं तेही — पण माझ्याच्यानं नाही व्हायचं. तुम्हीही कुणाची तरी मुलगी, खरंय. खरंय. पण नाही.

बरं, बरं, नका ओरडू. जातो. पटाशी तेवढी — राहू द्या, राहू द्या. पण काच बसवायची राहिलीय हो, नुसती भिंतीला टेकून ठेवलीय, चौकट सताड उघडी, समोरच्या गच्चीवरून थेट आत दिसतं सगळं...

जातो म्हटलं ना. तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा.

ताई, बाजूला व्हा.