दोन्ही नावं पुसलेली पाटी

नाव : गोडेलीव्ह थाइस, लॅम्बेर काउनॉट यांची विधवा. वय : ५८. धंदा : तळलेल्या बटाट्यांची गाडी. राहणार : सिंट-ओडुल्फ ऊर्फ सेंत-ओडुल्फ, चर्चसमोर, बेल्जियम.

मी स्वतःहून ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी नवऱ्यासोबत राहत होते. माझी भाषा डच, त्याची फ्रेंच. भांडण दोन्ही भाषांत व्हायचं. साहेब हे लिहायची गरज नाही म्हणाले. मी म्हटलं, लिहा.

महामार्गावरून आमच्या गावाकडे वळायच्या फाट्यावर एकच पाटी आहे. वर डच नाव, खाली फ्रेंच. दर वर्षी जत्रेआधी डचवाले खालच्या नावाला काळा रंग फासतात, नाहीतर फ्रेंचवाले वरच्या. ज्याचा डाव आधी साधेल त्याला गावात बियर पाजतात. जत्रा झाली की रस्तेखात्याची माणसं पाटी धुतात. यंदा दोन्हीकडचे शूरवीर एकाच दिवशी शिडी घेऊन गेले. पाटी अख्खी काळी झाली.

जत्रेच्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास लॅम्बेर बटाटे चिरत होता. छाती धरून खाली बसला. मी रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी शहरातून निघाली, चालक नवा होता. त्याने नंतर मला सांगितलं, "बाई, पाटी झाकलेली दिसली की फाटा बंद आहे असं समजायचं, हेच आम्हाला शिकवलंय." तो पुढे गेला. पुढचा फाटा भाषेच्या हद्दीपलीकडे. तिथे महामार्गाची अशी चाळण झालीय की गाडी बैलगाडीसारखी हाकावी लागते. वळून यायला त्याला अर्धा तास लागला.

आमच्या स्वयंपाकघरात महामार्ग ऐकू येतो. भोंगा जवळ आला, मग लांब गेला. लॅम्बेरनेही ऐकला. म्हणाला, "गेली की गं ती." गाडी दारात आली तेव्हा तो गेलेला होता.

खालचं नाव माझा सख्खा भाऊ येफ थाइस याने पुसलं. वरचं लॅम्बेरचा पुतण्या तिएरी काउनॉट याने. दोघांनी कबूल केलंय, तेही माझ्याच घरात, लॅम्बेरला पुरून आल्यावर, माझी कॉफी पीत.

येफ म्हणाला, "ताई, आम्ही फक्त खालचं पुसलं गं. वरचं शाबूत असतं तर गाडी वळलीच असती."

तिएरी म्हणाला, "वा रे वा! काकू, खालचं ठेवलं असतं यांनी तर काका आज इथे बसले असते."

मी म्हटलं, "मेल्यांनो, तुमच्यापैकी एकाने जरी त्या दिवशी आळस केला असता तरी माझा माणूस वाचला असता!" आणि दोघांना घराबाहेर काढलं. मला अजून राग आहे. तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आत्ता दोघे ठाण्याबाहेर बाकावर बसलेत. आत येताना येफने मला बाजूला घेऊन तिएरीचं एकट्याचं नाव द्यायला सांगितलं. तिएरीने येफचं.

मुख्य आरोपी कोण लिहू, असं साहेबांनी विचारलं. दोघांना एकाच ओळीत लिहा. वर-खाली लिहू नका.

हा जबाब साहेबांनी मला डचमध्ये वाचून दाखवला. मग मी तो फ्रेंचमध्येही वाचायला लावला, लॅम्बेरसाठी. दोन्ही वेळा बरोबर होता. सही केली.