अकरा अर्धवट गोधड्या

...आणि वर मला म्हणतात काय, तर 'छान चाललंय हं, मास्तर!' मला! चाळीस वर्षं पँटी शिवल्या मी, नवरदेवांच्या शिवल्या, वकिलांच्या शिवल्या, एका पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाची तीच पँट दर सहा महिन्यांनी कमरेत ढिली करून दिली आणि आपण जाड होतोय हे त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, आणि आता साठी उलटल्यावर चौदा बायका माझ्याभोवती घोळका करून माझा धावदोरा बघतात आणि म्हणतात, छान चाललंय. किळस येते हो. नुसती किळस.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा उगाच बायकांवर डाफरतोय. भांडण माझं बायकांशी नाहीच, भांडण आहे कॉटचं. आमच्या मागच्या खोलीत एक कॉट आहे, साडेसहा फुटी, माझी. मी घोरतो. म्हणजे आमची ही म्हणते मी घोरतो, मी स्वतः काही ऐकलेलं नाही. तर घोरतो म्हणून माझी रवानगी मागच्या खोलीत झाली, मी गेलो, चकार शब्द काढला नाही, कॉट उत्तम, डोक्याशी खिडकी, आणि मग हळूहळू त्या कॉटवर यायला लागल्या गोधड्या. अर्धवट. हिला गोधड्या सुरू करायचं वेड आहे. सुरू करायचं हं, पुऱ्या करायचं नाही. नात्यात कुणाला दिवस गेले असं कानावर आलं की ही चिंध्या कापायला बसलीच, पण बाळ आपलं वेळेवर येतं आणि गोधडी काही येत नाही. पहिली ज्या बाळासाठी होती तो भाचा आता सकाळी दाढी करून कामाला जातो. अशा अकरा. एकीवर एक, टाचण्यांसकट, माझ्या कॉटवर. आणि मी चार वर्षं पुढच्या खोलीत सोफ्यावर.

तुम्ही म्हणाल, उचलून ठेवायच्या की खाली! ठेवल्या होत्या एकदा. तर ही, "अहो, त्यांचा क्रम मोडलात ना!" कसला क्रम? धूळ कुणावर आधी बसली त्याचा? पण बोलायची सोय नाही.

मध्यंतरी काय झालं, हिचं मनगट धरलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने सुई हातात घ्यायची नाही. मला वाईट वाटलं, वाटलं म्हणजे वाटलंच, पण मनात म्हटलं, गड्या, हीच वेळ आहे. म्हटलं, "दे इकडे, मशीनवर बसतो, दोन दिवसांत अकराच्या अकरा उडवतो." तर ही माझ्याकडे अशी बघते जसं काही मी चारचौघांत अभद्र बोललो. "मशीनवर? मशीनवर मारली की तिचं पोतं होतं. हातानंच शिवायची, आणि आमच्या मंडळात बसून. अकरा पुऱ्या करा, कॉट तुमची." शब्द दिला तिनं. तेव्हा कुठं मी गेलो, नाहीतर माझं काय अडलं होतं?

हे मंडळ म्हणजे लाँड्रीच्या वरची एक खोली, दर मंगळवारी दुपारी. खालून इस्त्रीची वाफ वर येते, आणि चौदा जणी चौदा पिशव्या एकदम उघडतात, कुणाची दहा वर्षं माळ्यावर पडलेली, कुणाची पलंगाखालची... तो वास! डांबराच्या गोळ्या, दमट कापूस आणि कधीकाळी कुणीतरी सांडलेलं दूध. मी आमची पहिली गोधडी उलगडली तर आतून कसर पळाली. मंडळाच्या मुख्य बाई, त्यांना सगळ्या टाचणीताई म्हणतात, कारण ओठांत कायम तीन टाचण्या, बोलतात त्यांच्या बाजूबाजूनं, तर ताईंनी ती कसर अंगठ्यानं चिरडली, अंगठा रुमालाला पुसला आणि त्याच अंगठ्यानं ओठांतली एक टाचणी काढून मला दिली. "हं, करा सुरू. छान होणार बघा." ओली टाचणी! मी ती कोटाला पुसली. मग कोटाची किळस यायला लागली.

आणि माझ्या शेजारी कोण, तर दातांची डॉक्टरीण, रिटायर झालेली. जन्मभर लोकांना सांगितलं असेल की दातांनी काही तोडू नका, आणि ही दोरा दातानं तोडते. तोडते, टोक जिभेवरून फिरवते, सुईत ओवते, आणि म्हणते, "घ्या मास्तर, तुमची पण ओवून दिली." आता नाही कसं म्हणायचं? इतक्या मायेनं देते. माझ्याकडे स्वतःचे डोळे आहेत, चष्मा आहे, चाळीस वर्षं मी सुया ओवल्यात, पण ती थुंकीची सुई घ्यायची, हसायचं आणि शिवायचं.

पण खरी अब्रू गेली ती पहिल्या गोधडीत. काय झालं, पँट शिवणारा माणूस मी, मला कडा आधी लागतात. कड सरळ तर सगळं सरळ, हे आम्ही शिकलो. म्हणून मी तीन मंगळवार बसून चारही कडा शिवल्या, अशा शिवल्या की फूटपट्टी लावून बघा, आणि मग गेलो आत आत, मधे. आता गोधडीचं असं आहे की तिचे थर मधून बाहेर शिवत न्यायचे असतात, म्हणजे जादाचं कापड कडेनं निघून जातं. हे त्या खोलीत प्रत्येकीला माहीत होतं. मी कडा बंद करून बसलेलो, जादाचं कापड जाणार कुठं? सगळं सरकत सरकत मधे आलं आणि तिथं पडला झोळ. झोळ म्हणजे किती? पोळपाट मावेल एवढा. मास्तर टेलरच्या हातून झोळ! माझ्या कारागिरानं असा झोळ पाडला असता तर त्याला मी दुकानाबाहेर उभा केला असता.

सगळ्या जमल्या. मी वाट बघतोय, आता हसतील. हसा एकदाच, मी मोकळा होतो. तर टाचणीताई, "पहिल्या खेपेला एवढं म्हणजे... छान चाललंय हं, मास्तर." डॉक्टरीण म्हणते, "मला तर मधे असं उंच आवडतं." काय आवडतं? कुणाला आवडतं असं? अहो, शिव्या द्या मला, उस्तादानं मला फूटपट्टीनं मारून शिकवलंय, ते चाललं, पण हे गोड बोलणं अंगावर पाल पडल्यासारखं वाटतं.

म्हटलं, ठीक, उसवतो. तर नाही! मंडळाचा नियम, उसवायचं नाही. दारात एक पत्र्याचा डबा ठेवलाय, येताना सगळ्यांनी आपापली उसवणी, आपापलं ब्लेड त्यात टाकायचं, जाताना घेऊन जायचं, आणि घरीही उसवलं तर पुढच्या मंगळवारी ताईंना टाक्यावरून कळतं. माझ्या वरच्या खिशात अर्धं ब्लेड होतं, सवयीचं. हळूच हात घातला, तर ताई, "मास्तर, खिशात काय आहे?" शाळेतसुद्धा मला कुणी असं पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, चूक आहे ती, चूक ठेवायची कशी?" तर त्यांनी पहिल्यांदा ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "मी एकच गोधडी नऊ वर्षं उसवत होते, मास्तर. सासूबाईंसाठी होती. वाकडीतिकडी का होईना, पुरी केली असती तर त्यांच्या अंगावर गेली असती." मी ब्लेड डब्यात टाकलं.

आणि मग शिवतच गेलो. दुसरी मधून बाहेर शिवली, झोळ नाही. तिसरीत पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे निघाले, डॉक्टरीण म्हणते, "अय्या, किती गोड कापड, कशाचं हो?" आणि ही, माझी बायको, शेजारी मनगट घेऊन बसलेली, भर खोलीत सांगते, "यांच्या जुन्या चड्ड्यांचं." चौदा जणींनी हात लावून बघितलं. टिकाऊ आहे म्हणाल्या! सहा महिन्यांनी हिचं मनगट बरं झालं, पण सुई काही घेतली नाही तिनं, शेजारी बसून माझ्या टाक्यांतले खडे निवडायची. आणि दर मंगळवारी तेच, छान चाललंय हं, छान चाललंय हं. दीड वर्ष! मी सांगतो, नुसत्या त्या शब्दांनी माझा हात भरभर चालायला लागला, एकदाचं संपवू आणि सुटू.

संपल्या. अकराच्या अकरा. अकराव्या गोधडीची गाठ मारली तेव्हा हिनं ती मांडीवर घेतली, हात फिरवला, आणि डोळे भरून आले तिचे. खरं सांगतो, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण वाटलं.

आठवड्याभरात हिनं सगळ्या वाटल्या. ज्याची त्याला. झोळवाली भाच्याला गेली, त्या झोळात त्याची मांजर बसते म्हणे. आणि शेवटची गेली त्या दुपारी, चार वर्षांनी, मला माझी गादी दिसली. मी चष्मा काढला, आडवा झालो, हातपाय ताणले... काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटं. पाच मिनिटांनी खिडकीतून गार वारा आला. म्हटलं, "अगं, अंगावर एखादी गोधडी टाक."

ही दारात आली. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. अकरा शिवल्या, अकरा दिल्या. "तुम्ही कधी म्हणालातच नाही," ती म्हणाली, "तुम्हाला हवी म्हणून."

मंगळवारी मंडळात जाऊन सांगितलं, वाटलं जरा कुणीतरी हळहळेल. तर टाळ्या! चौदा जणींच्या टाळ्या! "मग करा की सुरू एक स्वतःसाठी!" डॉक्टरणीनं तिथल्या तिथे सुई ओवून दिली, तिच्या पद्धतीनं, आणि मी घेतली. आता पुसतसुद्धा नाही. गिऱ्हाइकं न्यायला आलीच नाहीत अशा पँटींची शिवतोय, मधून बाहेर, जाडजूड, माझ्या मापाची. पण तिचे तीन थर सपाट पसरून टाचायचे तर घरात साडेसहा फुटांची जागा एकच आहे की नाही, तुम्हीच सांगा? पसरलीय कॉटवर, परवाच. सगळीकडून टाचण्या लावल्यात, आता हलवता येत नाही. म्हणून तर हे सगळं तुम्हाला सोफ्यावरनं पडून सांगतोय. पाय तुमच्या बाजूला बाहेर आलेत, तेवढं चालवून घ्या.