मस्टरमधले आठ दिवस

माझ्या आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मॅनेजर माननीय गुरुदत्त साहेब, त्यांच्या शेजारी बसलेले युनियनचे सेक्रेटरी हिंदुराव, ऑफिसच्या विनिता मॅडम, आणि पहिली पाळी सुटल्यावर घरी न जाता या कॅन्टीनमध्ये थांबलेले माझे कामगार बंधू-भगिनी,

मागे ऐकू येतंय ना? बरं.

माझं शिक्षण सातवी. भाषण मुलाने, सुयोगने, लिहून दिलं आहे. त्यात 'कृतज्ञता' तीनदा आहे. ते खिशातच राहू दे. बायको म्हणाली, "गप शाल घ्या आणि घरी या." शाल घेतली. आता गप बसवत नाही.

विनिता मॅडम म्हणाल्या, शंकररावांनी एकतीस वर्षांत एकही लीव्ह घेतली नाही. मॅडम, सात घेतल्या. मी टाइमकीपर. हजेरीचं मस्टर माझ्याच हातात होतं.

लीव्ह! इंग्रजी शब्द केवढासा, पण आपल्याकडे त्याला नावं किती? साहेब महाबळेश्वरला गेले की ते 'लीव्हवर'. क्लार्क अर्ज देऊन 'रजेवर'. कायम कामगार 'सुट्टी टाकतो', तरणी पोरं 'दांडी मारतात', उल्हासनगरचे आमचे फिटर 'छुट्टी पे'. आणि ठेकेदाराच्या माणसाचा बाप मेला तरी 'खाडा'. सगळे घरीच असतात ना हो? मग कुणाला कुठला शब्द लावायचा, हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. टाइम ऑफिसच्या खिडकीतून पायातले बूट बघितले की कळायचं.

नव्या पोरांना ठाऊक नसेल, बारा वर्षं झाली. वांगणीचा रघु ठेकेदारामार्फत प्रेस मशीनवर होता. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की त्याला कायम करा म्हणून युनियनला भांडता येणार होतं. हिंदुराव, दिवस मोजायला तुम्हीच त्याला शिकवलंत. वर्षअखेर त्याचे दोनशे बेचाळीस भरणार होते.

शेवटच्या महिन्यात त्याचे वडील गेले. खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, दोन दिवस द्या."

"अरे, सुतक आहे. दहा दिवस घे."

"बाप गेलाच, काका. नोकरी नको जायला."

तिसऱ्या दिवशी डोकं भादरून हजर! मीच ओरडलो, "टोपी घाल रे, लोखंडाचा कीस उडतो!"

महिना संपताना साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब, घड्याळ बघू नका, जे झालं तेच सांगतोय. तुम्ही विचारलंत, "शंकर, सुतक दहा दिवसांचं ना?"

"हो साहेब."

"मग दहा दिवस खाडा लाव. कुणाला विचारावंसंही वाटणार नाही."

"साहेब, तो तर तिसऱ्या दिवशी..."

"तुझा सुयोग अप्रेंटिस लागतोय ना इथे?"

एवढंच बोललात. आवाजसुद्धा चढवला नाही. दोन दिवस रघु घरी होता, आठ दिवस प्रेसवर. मी दहाही ठिकाणी खाडा लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

दोनशे बत्तीस. आठ कमी पडले.

रघु आला. "काका, मी होतो ना? तुम्हीच ओरडलात ना टोपी घाल म्हणून?"

मी म्हटलं, "कागदावर नाहीस, बाबा."

डोक्यावर केस नुकते उगवत होते. त्यावरून हात फिरवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको वेणूबाई गेटवर आली. "म्हाताऱ्याच्या सुतकात माजा नवरा घरात नव्हता. तुमी म्हनता, हितं बी नव्हता. मंग व्हता कुठं त्यो?"

मी खिडकी लावून घेतली.

हिंदुराव, माईक राहू द्या. तुम्हीही तेव्हा म्हणालात, "मस्टर बोलेल ते खरं." मस्टर बोलत नाही. मी बोलायला हवं होतं.

सुयोग, मान खाली घालू नकोस, बाळा. तुला ठाऊक नव्हतं. आज तू इथेच क्वालिटी खात्यात आहेस. उद्या तुला आत बोलावतील, याचा मला धाक आहे. हाच धाक मी बारा वर्षं घरात जेवायला वाढून घेतला. आता भूक राहिली नाही.

हा कागद मी हाताने लिहिलाय, खाली सही केलीय. रघु ते आठ दिवस हजर होता, मी लिहिलेला खाडा खोटा आहे. एक प्रत हिंदुरावांच्या पुढ्यात ठेवतो. दुसरी माझ्याकडे आहे. काय फळ मिळेल, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही.

रघुला आज बोलावलं होतं. अजून ठेकेदाराचाच माणूस आहे तो, गेटवर वॉचमन. म्हणाला, "काका, यायची इच्छा आहे हो. पण जागा सोडली तर खाडा पडेल."

शाल दिलीत, हार घातलात, कॅन्टीनच्या मालिनीताईंनी माझ्यासाठी बिनतिखटाची भजी वेगळी काढली, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने मनावर घेऊ नये. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी देणं सभेच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे, तो टोपी घालून गेटवर उभा आहे. आधी तिकडे जातो.