एक तास मागे

अहो, वसंत कसला डोंबलाचा! दारात कमरेएवढा बर्फ, हातात फावडं, नाक गळतंय, आणि आमची शेरिल, माझी मुलगी हो, तिकडं ॲरिझोनाच्या उन्हात बसून फोनवर मला सांगतेय, "बाबा, वसंत आला. आता नव्यानं सुरुवात करा. आतला तोल सापडायला हवा." आतला तोल! इथं बाहेरचा सांभाळता सांभाळता पायरीवर दोनदा आपटलो मी... पण नाही, तिनं परस्पर माझं नाव घालून टाकलं. दर रविवारी सकाळी दहाला, अग्निशमन केंद्राच्या तळघरात योगाचा वर्ग, चटई आपापली आणावी. तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

गेलो. म्हणजे जाणार नव्हतो, पण रविवार फार लांबतो हो. आयली होती तेव्हा... आयली म्हणजे माझी बायको, बर्फ पडायच्या आधीच गेली... तेव्हा रविवार कुठल्या कुठं संपायचा, वेलदोड्याचा पाव भाजण्यात आणि माझ्यावर ओरडण्यात. आता पाव नाही, ओरडणं नाही, आणि खरं सांगतो, ओरडण्याचीच जास्त आठवण येते.

तर चटई नाही म्हणून न्हाणीघरातलं पायपुसणं काखोटीला मारलं आणि वेळेआधी तिथं हजर! दार उघडतो तर काय? अंधार, एक मेणबत्ती, आणि जमिनीवर सगळ्या बायका उताण्या, डोळे मिटलेले, हात पसरलेले, एक हलत नाही! अहो, मी जन्मभर या गावातल्या घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्यात. बंद तळघर, कोपऱ्यात धडधडणारी भट्टी आणि माणसं आडवी, याचा माझ्या धंद्यात एकच अर्थ, विषारी वायू. मी भट्टी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, जवळ पडलेल्या बाईचे पाय धरून तिला दाराकडं ओढायला लागलो आणि असा ओरडलो, असा ओरडलो, की वरून बंबवाले स्ट्रेचर घेऊन धावत खाली... तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

शिकवणारी ब्रुक, एवढीशी पोरगी, थंडीनं काकडतेय पण आवाज मधाळच. "रुडी, आम्ही मनातलं सगळं सोडून द्यायचा सराव करत होतो. वर्ग संपत आलाय. तुम्ही तासभर उशिरा आलात." म्हटलं, उशिरा कसला, मी तर लवकर आलोय! तेव्हा खालून ती बाई म्हणाली, "आधी माझे पाय सोडा. काल रात्री सगळ्यांनी घड्याळं पुढं केली ना? घरी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

घरी कोण सांगणार? इकडं दर मार्चमध्ये एका रात्रीत सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढं करायची असा सरकारी नियमच आहे, आणि आमच्या घरी स्टुलावर चढून ते करायची ती आयली. शेरिलच्या ॲरिझोनात घड्याळं बदलतच नाहीत, तिला कुठून सुचणार? म्हणजे बघा, सगळं गाव एक तास पुढं निघून गेलं, मी मागं राहिलो, आणि या बाईचे पाय धरले नसते तर ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. एकदम फार एकटं वाटलं हो. मी तिथंच पायपुसण्यावर बसलो.

ती बाई, डोरीन तिचं नाव, थर्मासमधली कॉफी ओतून शेजारी येऊन बसली. हसत होती. मग म्हणाली, "नवरा गेल्यापासून माझ्यासाठी एवढं कुणी ओरडलं नव्हतं." मी कॉफी प्यालो.

घरी आलो, स्टूल ओढलं, घड्याळ पुढं केलं, विषय संपला. तर शनिवारी फोन वाजला. शेरिल काही शनिवारी फोन करत नाही. बघतो तर डोरीन! "उद्या लक्षात आहे ना रुडी? तुमचं घड्याळ एक तास मागं आहे हं." अहो, ते बरोबर आहे असं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं... आणि बाहेर काय पडलं? "बरं झालं, आठवण केलीत."

आता मी काही खोटं बोलणारा माणूस नाही. फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि घड्याळ परत एक तास मागं करून टाकलं.

तेव्हापासून दर शनिवारी तिचा फोन येतो. तोल काही अजून सापडलेला नाही, एका पायावर उभं केलं की मी भिंतीवर जातो, पण ते चालायचंच. काळजी आहे ती नोव्हेंबरची. तेव्हा त्याच नियमानं सगळं गाव घड्याळं परत एक तास मागं करणार, आणि माझं, मी हातसुद्धा न लावता, बरोबर होऊन बसणार... तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?