हळदीच्या दिवशी पाणी बंद

आमच्या गावच्या टाकीचं पाणी मी या वैशाखात बंद केलं, पुतणीच्या हळदीच्या दिवशी. मी इथली सरपंच.

माहेर माझं जामनेरकडचं, सासर हे गिरणाकाठी, भडगावजवळ. सासरी रीत अशी, की सुनेनं जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही, पदर कपाळापर्यंत घ्यायचा, आणि काही सांगायचंच तर मधल्या माणसाला सांगायचं, जेठ समोर बसलेले असले तरी. सरपंचपद बायांसाठी राखीव झालं तेव्हा मला उभं जेठांनीच केलं. त्यांना आम्ही आबा म्हणतो, ते स्वतः ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. सभेत मी नवऱ्याच्या कानात सांगणार, नवरा आबांना सांगणार, आबा ठरवणार, सही माझी. बाया म्हणायच्या, सरपंचीणबाई, आवाज कुठं ठेवला, डब्यात का? काय सांगू तुम्हाला, मीही हसायचे.

त्या आठवड्यात गावात उलट्या-जुलाब लागले, पोरं भडगावला सलाईनवर. आबांच्या लेकीच्या हळदीच्या सकाळी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर मांडवात आल्या, म्हणाल्या, गटारातून गेलेला पाण्याचा पाइप फुटलाय, घाण नळाला येतेय, आज नळ सोडू नका, टँकर मागवा. मी नवऱ्याला म्हटलं, आबांना सांगा. नवरा खुर्च्या मांडत राहिला. आबांनी ऐकलं होतंच, पण सगळे पाहुणे आलेले. म्हणाले, बठ्ठा पाव्हणा येल शेतस, लगीन व्हऊ द्या, मंग देखू. आणि पाणी सोडणाऱ्या सुकदेवला हाक मारली, जाय, नळ सोड.

सुकदेव निघाला. मी पुन्हा नवऱ्याला म्हटलं, अहो, सांगा ना. त्यानं आणखी एक खुर्ची उघडली. मग मी पदर तसाच ठेवला आणि आबांकडे तोंड करून बोलले, आबा, पाणी सुटणार नाही. सुकदेवभाऊ, व्हॉल्व्हची चावी द्या इकडं. हळदीची गाणी थांबली. आबा माझ्याशी बोलले नाहीत, नवऱ्याला म्हणाले, तुनी बायकोले घर लई जाय. नवरा जागचा हलला नाही, मीही नाही. सुकदेव एकदा त्यांच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. मग म्हणाला, आबा, मनी पोर बी दवाखानामा शे. आणि चावी माझ्या हातात दिली.

टँकर संध्याकाळी आला, हळद उशिरा लागली. लग्नात आम्हाला कुणी पंगतीला बोलावलं नाही.

पाइप आता गटाराच्या वरून घेतलाय. पाणी तपासलं, पिण्यालायक आलं. सुकदेवची पोर घरी आली. चावी माझ्याकडंच आहे. आबांनी माझ्यावर अविश्वास ठराव दिलाय, सभा सोमवारी आहे. नवरा येणार नाही म्हणालाय.