तिला ऐकू येतं

न्हाई, न्हाई, पिशवी आधी खाली ठेवा, विहीणबाई. मुरुडहून एवढ्या लांब आलाव, अन् आल्या आल्या लेकीची लुगडी भरायलाव – ही काय रीत झाली? बसा. चहा टाकलाय. मंजुश्री तिथंच हाय बघा, ओट्यावर. सकाळधरनं तिथंच हाय. तुम्ही तिच्या तोंडावरनं हात फिरवलाव, रडलाव – मान तरी वर केली का तिनं? न्हाई ना? मंग? दोन सालं मी हेच बघत आले. तुम्हाला वाटतंय, सासूनं छळून पोर अशी केली – वाटतंयच, खोटं कशाला – म्हणून म्हनते, डॉक्टरीणबाई काय म्हनल्या ते ऐका, मंग न्या न्यायचं तर.

गेल्या महिन्यात हिला ताप आला अन् डोळे पांढरे केले, तवा लातूरला नेलं. समद्या तपासण्या झाल्या. बाई म्हनल्या, गुरम्मा, हिच्या मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी हाय, ती वाळून गेलीय. एवढुशी! पर दूध तिच्यापायी, ताकद तिच्यापायी, जागेपण तिच्यापायी – हार्मोन म्हनत्यात त्याला. बाळंतिणीच्या अंगात असलं कायतरी सुटतं म्हणं, की दहा लेकरं एका जागी रडू द्या, तिचा कान तिच्याच लेकराकडं जातो. अन् हिचा? हिला ऐकू येतं, समदं ऐकू येतं. मी म्हनावं, अगं, रुद्रेश रडायलाय – तर म्हनायची, हाव, रडायलाय. पाऊस पडायलाय म्हनावं तसं. अन् बसून राहायची. मला काय ठावं ग्रंथी न् फिंथी? मला वाटलं, माजलीय. छातीला थेंब न्हाई, दिस वर आला तरी झोपलेली, भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून बसलेली. मंग मी बोलले. लई बोलले. आमची देवणी गाय बरी, म्हनले, मेलेल्या वासराच्या कातड्यात भुसा भरून पुढं उभं केलं तरी चाटती – तू जित्याकडं बघंनास! गल्लीतल्या बायांपुढं बोलले हे. तोंड जळो माझं.

अन् रुद्रेश – त्याचं काय सांगू! दोन वर्षांचं लेकरू, पर आईपुढं रडत न्हाई आता. पडला, गुडघा फुटला, तर तिच्याकडं एकदा बघतो, उठतो, तिच्यासमोरनं मुकाट गोठ्यापर्यंत माझ्याकडं चालत येतो – अन् तिथं हंबरडा फोडतो. कुणी शिकवलं त्याला? कुणी न्हाई. गोळ्या सुरू हायत, जन्मभर घ्यायच्या. जीव राहील, म्हनल्या बाई. जेवते, चार पावलं चालते. पर लेकरावर ध्यान कधी बसंल? ते सांगता येत न्हाई, म्हनल्या, लई उशीर झालाय. म्हणून म्हनते, राहू द्या हितंच. निदान पोराच्या डोळ्यापुढं असू द्या. दोष कुणाचाच न्हाई, विहीणबाई – बाळंतपणात रक्त लई गेलं, ग्रंथीला पुरलं न्हाई, बस.

काय? का गेलं? जातं की! कुणाकुणाचं जातं. हाव, पहिलटकरीण माहेरी जाते – तुम्ही न्यायला आलताव, मीच न्हाई म्हनले, कबूल हाय. अठरा जनावरं, धारंला हात नव्हते, अन् म्हशी हिच्याच हाताला लागलेल्या. आठ दिस थांब, म्हनले. चौथ्याच दिशी कळा सुरू झाल्या, नेमकं डेअरीच्या गाडीच्या वक्ताला. अमरनाथ – तुमचा जावई – देवणी गावच्या बाजारात पेंड आणायला गेलेला, फोन लागंना. कळा यायच्या अन् मंद पडायच्या, यायच्या अन् मंद पडायच्या. पोर वरडायली. मला बघवंना! मी काय वैरीण हाय का तिची? अन् पान्ह्याची सुई तर घरातच असती, म्हशीला रोज देते, हात बसलेला हाय माझा – त्याच सुईनं पान्हा सुटतो, अन् अडलेलं वासरू बी त्याच सुईनं बाहेर येतं, किती सालं बघत आले – म्हनलं, लवकर सुटंल बिचारी. एक दिली. मंग आनखी एक. अर्ध्या घंट्यात लेकरू हातात! अन् मंग जे रक्त सुटलं, ते थांबंचना, गोधड्यावर गोधड्या…

…असं का बघायलाव?

लातूरच्या बाईंनी विचारलं होतं. घरी काय सुई-बिई दिलती का? न्हाई, म्हनले मी. अमरनाथला बी ठावं न्हाई.

बोला की. शिव्या द्या. पायताण काढा, मी हलणार न्हाई. तिला सांगितलं मी परवा. पाय धरून सांगितलं – मीच केलं गं हे, मंजुश्री, माझ्या ह्या हातानं. वाटलं, आता तरी भडकंल, थोबाडीत मारंल. तर म्हनली, "बरं. पाणी देता का?"

उठलाव? …बरं. न्या. न्या तिला. सकाळची गोळी एक दिस बी चुकू देऊ नका, ताप आला तर घरी ठेवू नका. रुद्रेशला? त्याला कशाला हाक मारायलाव, विहीणबाई – त्यो खेळायलाय तिकडं. आई चालली म्हनून त्यो खेळ सोडून येणार न्हाई. जावा तुम्ही. जावा आता.