साठ्यांची रजा खाणारा पक्षी

आमच्या साठ्यांची रजा एका पक्ष्याने खाल्ली, हे तुम्हाला सांगितलंच नाही वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आणि साठे शारजातून एकाच गाडीने दुबईला ऑफिसला जायचो. वाटेत ते इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. त्या दिवशी एकच शब्द अडला होता. माळरानावरचा, ज्याची शिकार करतात असा पक्षी, जुना शब्द.

आमचा साहेब स्कॉटिश. त्याला अरबी एकच शब्द यायचा, 'इन्शाल्ला', म्हणजे देवाच्या मनात असेल तर, आणि तोसुद्धा कुणी रजा मागितली की. साठ्यांच्या धाकट्या बहिणीचं पुढच्या महिन्यात पुण्यात लग्न. रजा मागायला ते धीर करून साहेबाच्या केबिनमध्ये गेले. साहेबाने नुसतं वर बघितलं, आणि साठ्यांनी घाबरून रजेऐवजी पक्षीच विचारला.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "गॉरकॉक! माझे आजोबा त्याला हेच म्हणायचे." मग तासभर गावाकडच्या शिकारीच्या आठवणी: धुकं, कुत्री आणि आजोबांची बंदूक. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "साठे, माणसाने अधूनमधून घरी जाऊन यावं."

"येस सर!" साठ्यांना वाटलं, झालं काम.

"मग मी शुक्रवारी निघतो. दोन महिने ऑफिस तू सांभाळ."

परतताना मी म्हटलं, "अहो, मग आता रजेवर सही तुमचीच. करून टाका की स्वतःची मंजूर."

साठ्यांनी अडलेला शब्द चौकोनांत भरला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला."